जकुझीतले दोन जंतू: स्यूडोमोनास आणि लिजिओनेला

जकुझीच्या पाण्यात ‘स्यूडोमोनास आढळला नाही’ असा रिपोर्ट आला की लिजिओनेलाचीही काळजी मिटली, असं अनेकजण धरून चालतात. घोळ होण्यासारखंच आहे म्हणा. दोघांनाही कोमट पाणी मानवतं आणि दोघंही पाइपांच्या आतल्या बुळबुळीत थरात ठाण मांडून बसतात. क्लोरीन त्या थरात नीट पोचत नाही.

पण स्यूडोमोनासची वाट मुख्यतः कातडीची. टबमधून निघाल्यावर एक-दोन दिवसांत केसांच्या मुळाशी लाल, खाजरं पुरळ उठतं. पोहण्याच्या कपड्याखाली जास्तच, कारण ओला कपडा तेच पाणी अंगाला धरून ठेवतो. बहुतेकांचं ते आपोआप बरं होतं.

लिजिओनेलाला तुम्ही टबात उतरायचीही गरज नाही. बुडबुडे फुटून उडणारे बारीक तुषार श्वासातून फुप्फुसात गेले की पुरे. १९९९ साली नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेलच्या फुलांच्या प्रदर्शनात जकुझी नुसती दाखवायला चालू ठेवली होती. आजूबाजूने फिरलेल्यांना न्यूमोनिया झाला, किमान ३२ माणसं दगावली. २०१९ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका जत्रेतही असंच घडलं. लक्षणं साधारण २ ते १४ दिवसांनी दिसतात. तोवर माणूस सहलीहून परतून कामाला लागलेला असतो. म्हणून ताप-खोकल्यासाठी डॉक्टरकडे गेलात तर जकुझीचा विषय स्वतःहून काढा.

प्रयोगशाळेतही एकाच्या तपासणीत दुसरा सापडत नाही. स्यूडोमोनाससाठी १०० मिलिलिटर पाणी बारीक गाळणीच्या चकतीतून गाळून ती चकती सेट्रिमाइडच्या (इतर जंतूंना रोखणारं रसायन) माध्यमावर, म्हणजे जंतू वाढवायच्या थरावर ठेवतात, दोनेक दिवसांत निळसर-हिरव्या वसाहती दिसतात. लिजिओनेला नखरेल. त्याला सिस्टीन (एक अमिनो आम्ल) आणि लोह घातलेलं, कोळशाने काळंकुट्ट झालेलं माध्यम लागतं आणि उत्तरासाठी दहा दिवसांपर्यंत थांबावं लागतं. ब्रिटनमधल्या सरकारी मार्गदर्शनात व्यावसायिक टबसाठी स्यूडोमोनासची तपासणी दरमहा, लिजिओनेलाची दर तिमाहीला सांगितली आहे. रंग बदलणारी स्ट्रिप यातलं काहीच सांगत नाही. ती क्लोरीन आणि पीएच दाखवते, जंतू नाही.

नमुन्याची बाटली मात्र दोन्हीकडे सारखीच: निर्जंतुक आणि आत क्लोरीन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट. ते नसेल तर पाण्यातलं क्लोरीन प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीतच जंतू मारत राहतं आणि घाणेरड्या टबचाही रिपोर्ट स्वच्छ येतो.