हातभार आणि भार

चार वर्षांच्या मुलापुढे लसणाच्या पाकळ्या कोमट पाण्यात भिजवून ठेवा. सालं मऊ पडतात, इवल्या नखांनीही निघतात. दहा पाकळ्यांना अर्धा तास लागतो, दोन घरंगळून ओट्याखाली जातात, एक तो चावून बघतो आणि तोंड वाकडं करतो. पण रात्री वरणात स्वतःचा लसूण शोधत बसतो. हा हातभार.

आता दहा वर्षांची मुलगी घ्या. आई सकाळी कामावर जाते, भाऊ दीड वर्षाचा. त्याला खेळवायचं, भरवायचं, झोपवायचं. आळीतले लोक म्हणतात, "गुणाची पोर, आईला केवढा हातभार!" पोर गुणाची आहेच, पण तिच्यावर आहे तो भार.

लांबून दोन्ही सारखंच दिसतं: मूल घरात काम करतंय. फरक ओळखायला मी एकच प्रश्न विचारते. आज मुलानं हे काम केलं नाही, तर काय होईल? लसूण राहिला तर आई दोन मिनिटांत सोलेल. ताई शाळेत गेली तर आईचा खाडा पडेल, दिवसाची मजुरी बुडेल. ज्या कामावर घराची चूल अवलंबून आहे, ते काम मुलाला टाळता येत नाही. आणि टाळता येत नाही म्हणून शाळा टळते.

वयाप्रमाणे कामांचे तक्ते सगळीकडे मिळतात. त्यात फार अडकू नये. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोज्यांच्या जोड्या लावणं, खेळणी टोपलीत भरणं. सहा-सात वर्षांचं मूल पाणी घेतं, ताटं मांडतं, मेथी निवडतं, शाळेतून आल्यावर आपला डबा घासायला टाकतं. दहाच्या पुढे कपड्यांच्या घड्या, केर काढणं, कोपऱ्यावरच्या दुकानातून सामान आणणं. विळी आणि गॅस मोठं माणूस शेजारी उभं असतानाच. माझ्या अनुभवात वयाच्या आकड्यापेक्षा उंची जास्त सांगते: स्टुलावर चढून ज्याला कढईत डोकवावं लागतं, त्यानं फोडणी करू नये.

एक गोष्ट मात्र तक्त्यात कधी नसते. एकाच घरात मुलाला सांगितलेलं काम हातभार राहतं आणि मुलीचं हळूहळू भार होतं. त्याला दुकानात पाठवतात, ते पाच मिनिटांत संपतं. तिला ताटं उचलायला सांगतात, मग भांडी, मग पोळ्या, मग आजारी आजीचं सगळं. कुणी ठरवून करत नाही, पण होतं. म्हणून कामं आठवड्याला बदलून द्यावीत, भांडी त्याच्याकडे आणि दुकान तिच्याकडे.

मुलांवरचा हा भार बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी फार जवळून पाहिला. 1945 मध्ये त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, 1957 मध्ये ते जवळच कोसबाडच्या टेकडीवर नेलं. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ सोबत होत्या. तिथली वारली आदिवासी मुलं गुरं राखायची, मुली भावंडं सांभाळायच्या. शाळेला येणार कोण? ताराबाईंनी आईबापांना दोष दिला नाही. गुरं चरतात तिथेच शिकवायला कुरणशाळा काढली, आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ताई कडेवर भाऊ घेऊन यायची, त्याला पाळणाघरात सोडायची आणि स्वतः वर्गात बसायची. भार उतरवायचा तर असा: मुलीच्या हातातलं काम दुसऱ्या कुणी तरी घ्यायला हवं.

कायद्यालाही हा फरक कळतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला दुसऱ्याच्या घरी घरकामाला ठेवण्यावर 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. बालकामगार कायद्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार मूल आपल्या कुटुंबाला मदत करू शकतं, पण काम धोक्याचं नसावं आणि ते शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत व्हावं. मात्र घरातल्या घरात भाऊ सांभाळणाऱ्या ताईची शाळा चुकते, तेव्हा विचारायला कुणी येत नाही. अंगणवाडीत शिकायला बसायचं वय तीन ते सहा. दीड वर्षाच्या बाळाला दिवसभर ठेवायला गावात पाळणाघर नसेल, तर मधली दीड वर्षं ताईच्या शाळेतून वजा होतात.