पार्श्वभूमी : अमेरिकेतली राज्यं, त्यांचे पर्यावरण कायदे आणि ते करणारे आमदार

अमेरिकेतल्या पर्यावरण कायद्यांची हकिगत बहुतेक वेळा १९७० पासून, म्हणजे पहिल्या वसुंधरा दिनापासून सांगितली जाते. त्या दशकात वॉशिंग्टनमध्ये झालेले कायदे मोठे होते, यात वाद नाही. पण जमिनीचा वापर, जंगल, नदी, किनारा हे विषय अमेरिकेत बव्हंशी राज्यांच्या हातात आहेत आणि तिथला संघर्ष बराच जुना आहे. तो आधी कायदा करून घेण्यासाठी झाला आणि नंतर झालेला कायदा टिकवण्यासाठी. आमदार कोण निवडून येतो, याकडे पर्यावरणवाद्यांचं लक्ष वळलं ते या दुसऱ्या भागामुळे.

न्यूयॉर्क राज्याने १८८५ मध्ये ॲडिरॉन्डॅक आणि कॅट्सकिल डोंगरांमधली सरकारी जमीन राखीव वन म्हणून जाहीर केली. त्यामागे निसर्गप्रेम होतं, तसा रोकडा हिशेबही होता. डोंगर बोडके झाले तर हडसन नदीचं आणि ईरी कालव्याचं पाणी आटेल, अशी धास्ती व्यापाऱ्यांनाच होती. कायदा झाला, पण कुऱ्हाड थांबली नाही. १८९३ मध्ये तर विधिमंडळानेच राखीव वनातलं लाकूड विकायला मुभा दिली. पुढच्याच वर्षी राज्याची घटना परिषद भरली आणि ही जमीन कायम रान म्हणूनच राखली जाईल, असं कलम थेट राज्यघटनेत घातलं गेलं. ते आजही लागू आहे. एका अधिवेशनाने दिलेलं दुसरं अधिवेशन काढून घेऊ शकतं, हे न्यूयॉर्ककरांना आठ वर्षांत कळलं होतं.

हाच मार्ग पुढे पेनसिल्व्हेनियाने धरला. कोळशाच्या खाणींतून झिरपणाऱ्या आम्लयुक्त पाण्याने तिथले कितीतरी ओढे मेले होते. १९६६ मध्ये फ्रँकलिन क्युरी हा तरुण वकील त्याच खाणपट्ट्याच्या बाजूच्या मतदारसंघातून निवडून आला आणि राज्याच्या प्रतिनिधीगृहात गेला. नद्या स्वच्छ करण्याच्या कायद्यामागे त्याने जोर लावला आणि १९६९ मध्ये घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मांडला. स्वच्छ हवा, शुद्ध पाणी आणि निसर्गाचं जतन हा लोकांचा हक्क आहे, राज्याची नैसर्गिक संपत्ती पुढच्या पिढ्यांसकट सगळ्यांची आहे आणि सरकार तिचं फक्त विश्वस्त आहे, असा त्याचा आशय. तिथे घटना बदलायची तर प्रस्ताव लागोपाठ दोन विधिमंडळांनी मंजूर करावा लागतो. दोन्ही वेळा तो एकमताने मंजूर झाला. मे १९७१ मध्ये मतदारांनी जवळपास चारास एक अशा प्रमाणात त्याला कौल दिला. एक आमदार काय करू शकतो याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तरीही पुढची चाळीस वर्षं हे कलम जवळजवळ निजून राहिलं, कारण न्यायालयांनी त्याचा अर्थ फार आखडून लावला. २०१२ मध्ये विधिमंडळाने शेल वायूच्या, म्हणजे खोल खडकात अडकलेल्या नैसर्गिक वायूच्या उत्खननासाठी ‘ॲक्ट १३’ आणला आणि विहिरी कुठे खोदायच्या याबाबतचे गावांचे अधिकार काढून घेतले. गावं न्यायालयात गेली. डिसेंबर २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या आणि क्युरीच्या कलमाला पुन्हा जीव आला. मोंटानाच्या १९७२ च्या राज्यघटनेतही स्वच्छ आणि निरोगी पर्यावरणाचा हक्क आहे. त्याच्या आधारे सोळा मुलामुलींनी आपल्याच राज्यावर दावा लावला. २०२३ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला आणि डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

पण प्रत्येक गोष्ट राज्यघटनेत घालता येत नाही. रोजचं काम साध्या कायद्यांवर चालतं आणि ते आमदारांच्या मतांवर ठरतं. इथे १९७० साल खरंच महत्त्वाचं आहे. वसुंधरा दिनाच्या आयोजकांनी त्या वर्षी काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय संसदेतल्या, बारा सदस्यांची यादी काढली. पर्यावरणाच्या प्रश्नांवर ज्यांचं मतदान सर्वांत वाईट, असे हे बारा जण. त्यांतले सात पडले. त्याच सुमारास मॅरियन एडी यांनी ‘लीग ऑफ कॉन्झर्वेशन व्होटर्स’ ही संघटना उभी केली आणि प्रत्येक सदस्याच्या मतदानाचं प्रगतिपुस्तक छापायला सुरुवात केली. १९७२ मध्ये ऑरेगन आणि कॅलिफोर्नियात राज्य पातळीवर अशाच संघटना निघाल्या आणि हळूहळू इतर राज्यांतही त्या पसरल्या.

राज्यांत या पाळतीची गरज जास्तच होती. मोंटानाचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, जेमतेम नव्वद कामकाजाचे दिवस भरतं. टेक्सासचं दोन वर्षांत एकशे चाळीस दिवस. सदस्य आपापले धंदे सांभाळून येणारे, हाताखाली माणसं थोडी, वार्ताहरांची गॅलरी बरीच रिकामी. उद्योगांचे प्रतिनिधी मात्र रोज हजर. अशा ठिकाणी नकोसं विधेयक पाडावंही लागत नाही. समितीत ठेवून दिलं की ते आपोआप मरतं. प्रगतिपुस्तकाची मर्यादाही हीच आहे: झालेली मतं त्यात मोजली जातात, न झालेली मतं त्यात येत नाहीत.

ऑरेगनमध्ये १९६७ साली हेच घडू घातलं होतं. एका मोटेल मालकाने कॅनन बीचवरच्या कोरड्या वाळूचा तुकडा कुंपण घालून आपल्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवला. सगळा किनारा लोकांसाठी खुला ठेवणारं विधेयक समितीत अडकलं. गव्हर्नर, म्हणजे राज्य सरकारचे निवडून आलेले प्रमुख, टॉम मॅकॉल यांनी पत्रकारांना आणि मोजणीदारांना बरोबर घेतलं, हेलिकॉप्टर थेट वाळूवर उतरवलं आणि सार्वजनिक हद्द कुठवर असायला हवी ते मोजून दाखवलं. पत्रांचा पाऊस पडला आणि जुलैमध्ये कायदा झाला. १९७१ मध्ये बाटल्या आणि डब्यांवर अनामत आकारणारा देशातला पहिला कायदा याच राज्याने केला, १९७३ मध्ये शेतजमीन वाचवणारा जमीन-नियोजनाचा कायदा. कॅलिफोर्नियात मात्र किनाऱ्याची विधेयकं विधिमंडळात पुन्हा पुन्हा मेली. तेव्हा लोकांनी सह्या गोळा करून १९७२ मध्ये प्रश्न थेट मतपेटीत नेला आणि जिंकला.

मॅकॉल रिपब्लिकन होते. कॅलिफोर्नियाचा पर्यावरणीय परिणाम तपासणीचा कायदा १९७० मध्ये सही करून लागू करणारे रोनाल्ड रेगनही रिपब्लिकन. त्या काळात या विषयावर मतं पक्षानुसार दुभंगलेली नव्हती. पुढे ती दुभंगली, डेमोक्रॅट बहुधा अशा कायद्यांच्या बाजूने आणि रिपब्लिकन विरोधात, आणि माझ्या मते त्या चळवळीचं हे सर्वांत मोठं नुकसान आहे, कारण आता एखादा कायदा होणं-न होणं दोन-तीन जागांवर येऊन ठेपतं. मिनेसोटात २०२२ मध्ये राज्याच्या सिनेटचं, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचं, बहुमत ३४ विरुद्ध ३३ असं डेमोक्रॅटांकडे गेलं आणि त्यातली एक जागा साडेतीनशेहूनही कमी मतांनी जिंकली गेली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये, २०४० पर्यंत सगळी वीज कार्बनमुक्त करण्याचा कायदा तिथे झाला.

कॅलिफोर्नियाची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९४३ पासून लॉस एंजेलिस धुरक्याने गुदमरत होतं. मोटारींचा धूर आणि सूर्यप्रकाश यांच्यातून ते तयार होतं, हे शास्त्रज्ञ आरी हाखेन-स्मिट यांनी दाखवलं. राज्याने केंद्राच्या आधी धुरावर नियम केले, म्हणून १९६७ च्या केंद्रीय कायद्यात त्याला स्वतःचे कडक नियम ठेवण्याची सवलत मिळाली. १९७७ पासून इतर राज्यांनाही ते नियम उचलता येऊ लागले. २००० मध्ये निवडून आलेल्या माजी शिक्षिका फ्रॅन पॅव्हली यांनी पहिल्याच कार्यकाळात मोटारींच्या हरितगृह वायूंवर मर्यादा आणणारं विधेयक मांडलं आणि २००२ मध्ये ते मंजूर करून घेतलं. २००६ चा कायदाही त्यांनी सहकाऱ्यासोबत आणला: राज्याचं उत्सर्जन २०२० पर्यंत १९९० च्या पातळीवर. ते उद्दिष्ट २०१६ मध्येच गाठलं गेलं.

जून २०२५ मध्ये, आधी काँग्रेसने मंजूर केलेल्या ठरावांवर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सह्या केल्या आणि कॅलिफोर्नियाच्या मोटार-नियमांना त्या सवलतीखाली मिळालेल्या ताज्या मंजुऱ्या रद्द झाल्या. कॅलिफोर्निया इतर राज्यांना सोबत घेऊन त्याच दिवशी न्यायालयात गेलं. वॉशिंग्टन राज्यातला २०२१ चा कार्बन-मर्यादा कायदा रद्द करण्याचा प्रस्ताव २०२४ मध्ये तिथल्या मतदारांनी साठ टक्क्यांहून जास्त मतांनी फेटाळला होता. नोव्हेंबर २०२६ च्या निवडणुकीत ३६ राज्यांची गव्हर्नरपदं आणि बहुतेक विधिमंडळांतल्या जागा आहेत.