जड मालवाहतुकीचा छोटा धंदा: नोंदणी, ओडीसी (ओव्हर डायमेन्शनल कार्गो, म्हणजे मापाबाहेरचा माल) परवानगी आणि गाडीवरच्या माणसांची कामे

एक पुलर (ट्रेलर ओढणारी इंजिनाची गाडी) आणि एक लोबेड (जमिनीलगत बसका) ट्रेलर घेऊन या धंद्यात उतरणाऱ्याची पहिली गफलत ठरलेली असते: नॅशनल परमिट हातात आले की ट्रान्सफॉर्मर उचलायला मोकळे! तसे नाही. परमिट गाडीला मिळते. अवाढव्य माल न्यायची परवानगी मात्र फेरीगणिक नव्याने काढावी लागते.

आधी गाडीचे कागद. आरटीओच्या लेखी पुलर आणि ट्रेलर या दोन वेगळ्या गाड्या. दोघांना आपापला नंबर, आरसी, फिटनेस आणि विमा लागतो. नोंदणीला फॉर्म २०, डीलरचा फॉर्म २१, उत्पादकाचा फॉर्म २२, पत्त्याचा पुरावा आणि पॅन जोडा. कर्ज असेल तर फॉर्म ३४ वर बँकेची सही. फिटनेस पहिली ८ वर्षे दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. नॅशनल परमिटची फी वर्षाला १६,५०० रुपये. स्वतःची बिल्टी (माल घेतल्याची पावती) फाडून लोकांचा माल घेणार असाल, तर २००७ च्या कायद्याखाली कॉमन कॅरिअर म्हणून नोंदणीही हवी.

ड्रायव्हरचे वय किमान २० आणि हलक्या गाडीचे लायसन्स निदान वर्षभर जुने असावे लागते. सोबत डॉक्टरचा फॉर्म १अ आणि ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५. आठवी पासची अट २०१९ मध्येच गेली, तरी एजंट अजून शाळेचा दाखला मागतात.

आता ओडीसी. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९३ ची मापे, म्हणजे २.६ मीटर रुंदी, ४ मीटर उंची वगैरे, जो माल ओलांडतो आणि जो तोडून वेगळा करता येत नाही, तो ओडीसी. शेजारी-शेजारी रचलेल्या दहा पेट्या यात बसत नाहीत. साध्या ट्रेलरला मालासकट एकूण ५५ टनांची मर्यादा आहे. त्यापुढे मॉड्युलर हायड्रोलिक ट्रेलर, म्हणजे तुकडे जोडून हवा तेवढा वाढवता येणारा.

राष्ट्रीय महामार्गासाठी अर्ज केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे ऑनलाइन होतो, राज्याच्या रस्त्यांसाठी बांधकाम खात्याकडे. वाटेत रेल्वेचे फाटक किंवा खाली आलेल्या विजेच्या तारा असतील तर त्या-त्या खात्याशी वेगळा पत्रव्यवहार. अर्जासोबत दोन्ही आरसी, फिटनेस, विमा, मालाचे वजन-माप, मार्ग आणि प्रत्येक अ‍ॅक्सलवर (चाकांच्या आसावर) किती भार येतो ते दाखवणारे रेखाचित्र. पुलर ऐनवेळी बिघडला म्हणून शेजाऱ्याचा जोडला, तर हातातला कागद त्या गाडीचा उरत नाही. परवानगीविना माल गाडीच्या बाहेर आलेला दिसला की मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड. वजन जास्त भरले तर २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. वजनकाट्यावर थांबायला नकार दिला तर ४०,०००.

ई-वे बिलात (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) तर हमखास फसायला होते. साध्या मालाला २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, ओडीसीला २० किलोमीटरमागे. म्हणजे ६४० किलोमीटरला ३२ दिवस. पण बिल भरताना वाहनप्रकारात ‘ओडीसी’ निवडलेच नाही तर तोच प्रवास चार दिवसांत संपवावा लागतो. मुदत वाढवायची सोय मुदत संपण्याआधीचे ८ तास आणि संपल्यानंतरचे ८ तास एवढीच.

माणसे किमान तीन: ड्रायव्हर, हेल्पर आणि पायलट (पुढे वाट दाखवणाऱ्या) गाडीवरचा माणूस. मार्ग आधी फिरून तारा, कमानी आणि वळणे मोजणे पायलटचे काम. विजेची तार बांबूने उचलायची नाही, वीज कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबायचे. साखळ्या आणि टर्नबकल (साखळी आवळायचे पेच) हेल्परकडे: निघाल्यावर थोड्याच अंतरावर एकदा थांबून पुन्हा आवळायच्या, कारण माल बसला की साखळी सैल पडते. चाकाखालचे गुटकेही त्याच्याच ताब्यात.

पुलावर मात्र तिघेही कामाला लागतात. परवानगीपत्रातली अट अशी असते: पुलावर दुसरी गाडी नको, पुलाच्या मध्यरेषेवरून, ताशी ५ किलोमीटरने, मध्ये ब्रेक न मारता जायचे. पायलट समोरची वाहतूक रोखतो, हेल्पर मागची, आणि दोघांनी हात वर केल्याशिवाय ड्रायव्हर पहिले चाक पुलावर घालत नाही. मागून हॉर्न कितीही वाजू देत.