मत कुणाचे, हे कळायला शंभर वर्षे लागली

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये गावाचा खर्च आणि नियम ठरवणाऱ्या सभेत, म्हणजे टाउन मीटिंगमध्ये, ठराव तरतो किंवा बुडतो तो बहुतेक वेळा आवाजावर. सभा चालवणारा मॉडरेटर आधी बाजूच्यांना आणि मग विरोधातल्यांना आवाज द्यायला सांगतो, कानाला जो गलका मोठा वाटेल तो जाहीर करतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. त्याच्या कानांवर भरवसा नसेल तर राज्याच्या कायद्यात एक तोड आहे. निकाल जाहीर होताक्षणी सात मतदारांनी शंका घेतली की मोजणी करावीच लागते. काही गावांनी पोटनियमात सातच्या जागी वेगळा आकडा घातला आहे, पण ‘होताक्षणी’ ही अट सगळीकडे कळीची. पुढचा विषय पुकारला गेल्यावर उठून उभे राहिलात तर उपयोग नाही.

ही रीत ज्या सभेसाठी जन्मली त्या सभेत प्रत्येक जण स्वतःपुरता बसलेला असे. त्याचे मत त्याचे, त्याचा जाब विचारणारा दुसरा कुणी नाही. विसाव्या शतकात काही गावांनी सगळ्यांच्या सभेऐवजी निवडून दिलेल्या सव्वादोनशे-अडीचशे जणांची सभा आणली, तेव्हा मतदानाची रीत मात्र तशीच्या तशी उचलली. प्रभागाने ज्याला निवडून पाठवले त्याने आत जाऊन ‘हो’ म्हटले की ‘नाही’, हे प्रभागाला कळण्याचा मार्गच नव्हता. आज लेक्सिंग्टन किंवा आर्लिंग्टन या गावांची सभासद-निहाय मतांची यादी कुणालाही घरबसल्या वाचता येते, पण ही सोय अलीकडची आहे.

जुना काळ थोडक्यात. डॉर्चेस्टरने ऑक्टोबर १६३३ मध्ये ठरवले की ठरल्या सोमवारी सकाळी आठ वाजता, नगारा वाजताच सभा भरेल. लिखित नोंद असलेल्या पहिल्या टाउन मीटिंगांत ती गणली जाते. हात आणि आवाज हीच तिथली साधने. गुप्त मतदान ठाऊक नव्हते असे नाही. वसाहतीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या निवडीसाठी १६४३ च्या कायद्याने मक्याचा दाणा म्हणजे होकार आणि घेवड्यासारख्या शेंगेचा दाणा म्हणजे नकार असे ठरवले होते. एकाहून जास्त दाणे टाकणाऱ्याला दहा पौंड दंड. माणसे निवडायची तर दाणे आणि खर्च मंजूर करायचा तर हात, ही वाटणी तेव्हापासूनची. गावच्या सभेत खर्चाला हात वर करणारा माणूस स्वतःच्याच करावर हात वर करत होता, तेव्हा लपवायचे ते काय?

बॉस्टन १८२२ मध्ये या व्यवस्थेतून बाहेर पडले. वस्ती चाळीस हजारांवर गेली होती आणि एवढ्यांची सभा हा विनोद झाला होता. १८२१ च्या घटनादुरुस्तीने बारा हजारांवर वस्ती असलेल्या गावाला ‘सिटी’ होण्याची, म्हणजे सभेऐवजी निवडलेल्या परिषदेकडे कारभार देण्याची, मुभा दिली आणि बॉस्टनने ती लगेच घेतली. इथे आपल्याकडच्या वाचकाची गल्लत होते. तिथले ‘टाउन’ म्हणजे आकाराने लहान शहर असे नव्हे. तो कारभाराचा प्रकार आहे. ब्रुकलाइनची वस्ती आज साठ हजारांवर आहे, बॉस्टनने ते जवळजवळ चहूबाजूंनी वेढले आहे, आणि तरी ते कायद्याने ‘टाउन’च आहे. उलट ॲम्हर्स्टचा कारभार आता सिटीच्या घाटाचा असूनही नावात ‘टाउन’ राखले आहे.

खरी गोष्ट ब्रुकलाइनपासून सुरू होते. रॉक्सबरी आणि डॉर्चेस्टर एकामागून एक बॉस्टनमध्ये विरघळली, ब्रुकलाइनने मात्र १८७३ मध्ये विलीनीकरण धुडकावले. ‘टाउन’ राहण्याचा हा हट्ट पुढे अडचणीचा ठरला. १९१० पर्यंत वस्ती सुमारे अठ्ठावीस हजारांवर पोहोचली. सगळे मतदार आले तर सभागृहात मावणार नाहीत आणि कमी आले तर ज्याने आपली माणसे गोळा करून आणली त्याचे राज्य. गावातल्याच एका वकिलाने वर्षानुवर्षे मधला मार्ग मांडला: सभा ठेवायची, पण मतदानाचा हक्क प्रभागवार निवडलेल्या सभासदांना. शेजारच्या ऱ्होड आयलंडमध्ये न्यूपोर्टने १९०६ मध्ये १९५ जणांचे प्रातिनिधिक मंडळ नेमून नमुना दाखवलाच होता. ब्रुकलाइनला १९१५ मध्ये खास कायद्याने ही रचना मिळाली.

आता त्या रचनेचे नाव. यातच सगळा गुंता आहे आणि मतदानाच्या आजच्या वादाचे मूळही इथेच सापडते. सुरुवातीच्या कायद्यांत शब्द होता ‘लिमिटेड टाउन मीटिंग’, म्हणजे मर्यादित सभा. ‘प्रातिनिधिक’ हा शब्द हळूहळू रूढ झाला. १९२६ च्या घटनादुरुस्तीने सहा हजारांवर वस्तीच्या गावांना ही रचना घेण्याची वाट मोकळी करून दिली आणि १९३१ मध्ये राज्याने एक तयार साचा कायद्यात घातला. त्या साच्याच्या शीर्षकात मात्र ‘प्रातिनिधिक’ हाच शब्द आहे.

दोन शब्दांत फरक काय, असे कुणी म्हणेल. फरक बराच आहे. सभा ‘मर्यादित’ मानली तर सभासद हा गावातला एक मतदारच. जागेअभावी मतदानाचा हक्क थोड्यांपुरता आखला, एवढेच. तो पूर्वीप्रमाणे आपल्या मनाने हात वर करतो आणि त्याची नोंद ठेवायचे कारण नाही. इतर मतदारांना दार उघडेच आहे. ते येऊ शकतात, बोलू शकतात, फक्त मत देऊ शकत नाहीत. हा नियम ‘मर्यादित’ या कल्पनेतूनच आलेला आहे. सभा ‘प्रातिनिधिक’ मानली तर सभासद दुसऱ्यांच्या वतीने बसलेला असतो. तो निवडून येतो, तीन वर्षांची मुदत भोगतो, पुन्हा मते मागायला येतो. मग मागच्या खेपेस त्याने शाळेच्या इमारतीला काय मत दिले हे त्याला सांगता आले पाहिजे. कायद्याने नाव बदलले, निवडणूक आणली, मुदत आणली, आणि मत मोजण्याची पद्धत पहिल्या कल्पनेचीच ठेवली. माझ्या मते ही साधी राहून गेलेली गोष्ट नव्हती. आत बसलेल्यांना ती सोयीची होती.

गलक्यातून निकाल लागला नाही तर पुढची पायरी उभे राहून मोजणीची. मोजणीदार रांगांमधून फिरत डोकी मोजतात, आकडा पुढे पुकारतात, बेरीज होते. दोन-तृतीयांश बहुमताचा विषय असेल, जसे कर्ज काढणे किंवा झोनिंग (कुठल्या जागेवर काय बांधता येईल याचे नियम) बदलणे, तर गावाने वेगळे ठरवले नसल्यास मोजणी कायद्यानेच लागते. निकाल एकमताचा असेल तर ती टळते, म्हणून मॉडरेटर आधी एकमत आहे का ते चाचपून पाहतो. कुठून तरी एक बारीकसा ‘नाही’ येतो आणि अख्ख्या सभागृहाला उभे राहावे लागते. दोन-तृतीयांश धरायचे ते मत देणाऱ्यांचे. तटस्थ बसलेला ना वर धरला जात ना खाली, आणि अटीतटीच्या वेळी पुष्कळ जण याचा आधार घेतात.

उभे राहूनही नाव नोंदले जात नाही, फक्त आकडा. नाव हवे तर नावनिशीवार पुकारा. त्यासाठी ठरावीक संख्येने सभासदांची मागणी लागे, आणि सभागृहात अशी मागणी करणाऱ्याकडे लोक घड्याळ दाखवत पाहत. २४० नावे, प्रत्येकी दहा सेकंद धरली तरी चाळीस मिनिटे. एकेका संध्याकाळी दहा-पंधरा विषय असताना हे कोण करणार? ‘वेळ नाही’ हे उत्तर खरे होते आणि सोयीचेही.

ते उत्तर एका लहानशा खटक्याने काढून घेतले. वेलँडने २०११ मध्ये टाउन मीटिंगमध्ये हातात धरायचे मतदान-यंत्र आणले. राज्यात हा पहिला प्रयोग. अनेक ठिकाणी १ म्हणजे हो, २ म्हणजे नाही, ३ म्हणजे तटस्थ, आणि अर्ध्या-एक मिनिटात निकाल पडद्यावर. गंमत अशी की वेलँडची सभा खुली, म्हणजे सगळ्या मतदारांची. तिथे यंत्र हवे होते ते गुप्ततेसाठी. शेजारी पाहतोय म्हणून हात वर करायला संकोचणारा माणूस आता बिनधास्त बटण दाबतो. पुढच्या काही वर्षांत ब्रुकलाइन, आर्लिंग्टन, लेक्सिंग्टन या प्रातिनिधिक गावांनी हेच यंत्र घेतले, आणि तिथे त्याचा उपयोग नेमका उलटा झाला: प्रत्येक खटका कुणाच्या हातचा, हे नावासकट जाहीर करण्यासाठी. यंत्र तेच, सभेच्या नावातल्या एका शब्दाने त्याचे काम बदलले.

विरोध झालाच. आक्षेप असे होते की शेजाऱ्यापाजाऱ्यांत तेढ वाढेल, गावातला दुकानदार मोकळेपणाने मत देणार नाही, वादविवाद ऐकून मत बदलण्याऐवजी लोक यादीत कसे दिसू याचा विचार करतील. शेवटचा मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो. बाकीच्या आक्षेपांना, प्रभागातून निवडून येताना हे ठाऊक नव्हते का, एवढाच प्रश्न पुरतो. यादीने आणखी एक गोष्ट उघडी केली जी फारशी चर्चेत नव्हती: गैरहजेरी. पूर्वी रिकामी खुर्ची कुणाची ते कळत नसे. आता नावापुढे मोकळा रकाना राहतो.

लेक्सिंग्टनच्या १८९ सभासदांत (नऊ प्रभाग, प्रत्येकी एकवीस) किंवा आर्लिंग्टनच्या २५२ मध्ये (एकवीस प्रभाग, प्रत्येकी बारा) आता भारतीय नावेही दिसतात. या भागातल्या मराठी घरांना ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द सोसायटीच्या वार्षिक सभेपासून पाठ असतात. तिथे विरोधाची नोंद घ्यायला लावणारा एखादाच खमका निघतो.

२०२० च्या साथीत राज्याने या सभांना दूरस्थ भरण्याची परवानगी दिली. ती आधी प्रातिनिधिक सभांनाच मिळाली, खुल्यांना नाही: ठरावीक सभासदांची ओळख पटवून घेता येते, हजारो मतदारांची नाही. ज्यांनी यंत्राला नाके मुरडली होती त्यांचेही मत आता नावानिशी पडद्यावर येऊ लागले.

याच काळात या रचनेची पकड सैलही झाली. फ्रेमिंगहॅमने २०१७ मध्ये शंभरेक मतांच्या फरकाने सिटी व्हायचे ठरवले, ॲम्हर्स्टने २०१८ मध्ये २४० जणांची सभा मोडून तेरा जणांची परिषद नेमली. जिथे ती उरली तिथे मतदानावर शेवटचा हात अजून मतदारांचाच आहे, कारण १९१५ पासून या रचनेला सार्वमताची जोड आहे. पुरेशा सह्या ठरल्या दिवसांत गोळा झाल्या की सभेचा निर्णय गावापुढे जातो.

मिल्टनमध्ये तेच घडले. राज्याच्या कायद्याने रेल्वे आणि ट्रामलगतच्या गावांना बहुकुटुंबी घरांसाठी झोनिंग बदलणे भाग पाडले होते. अशा घरबांधणीच्या काही विषयांना २०२१ पासून दोन-तृतीयांशाऐवजी साधे बहुमत पुरते. डिसेंबर २०२३ मध्ये मिल्टनच्या सभेने आराखडा १५८ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर केला. २३४ चे दोन-तृतीयांश १५६ होतात, म्हणजे जुन्या अटीवरही तो दोन मतांनी तरला असता. १४ फेब्रुवारी २०२४ च्या सार्वमतात ५,११५ विरुद्ध ४,३४६ मतांनी गावाने तो पाडला. सरकार कोर्टात गेले. जानेवारी २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला आणि तो गावांकडून पाळून घेण्याचा सरकारचा अधिकारही मान्य केला. मात्र त्याखालचे नियम रीतसर प्रक्रिया न करता काढल्यामुळे रद्द केले. नियम पुन्हा काढावे लागले आणि त्यांनुसार आराखड्याची जुळवाजुळव नव्याने मिल्टनच्या वाट्याला आली.