गाडी रेस होते पण ओढत नाही: क्लचप्लेट की गिअरबॉक्स?

दौलताबादच्या किल्ल्यापासून खुलताबादकडे जाणारा चढ लागला की ऑटोमॅटिक गाडीचं दुखणं उघडं पडतं. मग फोन येतो, "दादा, गाडी नुसती रेस होते, पुढं सरकत नाही. गिअरबॉक्स गेला म्हणतात." गाडी गॅरेजच्या दारात आली की मी आधी गिअरच्या दांड्याजवळची अक्षरं बघतो.

तिथं पी (पार्किंग) नसून नुसतं आर, एन, डी, एम (मॅन्युअल) असेल, तर ती एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल. 2014 मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि आपल्याकडे ही पद्धत रुळली. आत गिअरबॉक्स साध्या मॅन्युअल गाडीसारखाच, क्लचप्लेटही तशीच कोरडी. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम माणसाच्या हातापायाऐवजी ॲक्च्युएटर नावाचं यंत्र करतं. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत मात्र इंजिनाची ताकद ऑइलमधून पुढे जाते आणि आतले क्लचपॅक (ऑइलात बुडालेल्या क्लचप्लेटांचे गठ्ठे) ऑइलच्या दाबानेच गिअर धरून ठेवतात. तिला पी असतो. (पी सीव्हीटी आणि डीसीटी या ऑटोमॅटिकच्या आणखी दोन प्रकारांनाही असतो, पण त्यांचं गणित निराळं.)

मागे जालन्याहून एक एएमटी आली. मालकाला दुसरीकडे अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगितलं होतं. मोकळ्या रस्त्यावर एममध्ये चौथा गिअर टाकला, चाळीसच्या स्पीडला ॲक्सिलरेटर दाबत नेला. आरपीएमचा काटा सरसर वर, स्पीड जागेवर, म्हणजे क्लच घसरतोय. यात एक काळजी घ्यायची: जोरात दाबलं तर कॉम्प्युटर आपणच गिअर खाली टाकतो आणि काटा तसाही चढतो, म्हणून मीटरवरचा गिअरचा आकडा बघत राहायचं. आमचा आकडा चारच होता. गाडी थांबवली तर जळकट वास. खोलल्यावर क्लचप्लेट रिव्हेटपर्यंत झिजलेली आणि फ्लायव्हीलवर निळे डाग. गिअरबॉक्स ठणठणीत!

अशा कामात क्लचप्लेट, प्रेशरप्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलावं. ऑइल सील गळतंय का तेही तेव्हाच बघावं, नाहीतर नव्या प्लेटवरही ऑइल येऊन ती घसरते. शेवटी स्कॅनर लावून क्लचचं लर्निंग करून घ्यायचं, म्हणजे नवी प्लेट कुठं पकडते ते कॉम्प्युटरला शिकवायचं. ते राहिलं तर नव्या सामानावरही गाडी झटके देते. आणि मालकाला एवढं आवर्जून सांगायचं: रविवारी दौलताबादच्या वेशीपाशी रांग लागली की चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवू नका, ब्रेक दाबा. प्लेट जळते ती तिथंच.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीची चाल वेगळी. एनमधून डीमध्ये टाकल्यावर ती दोन-तीन सेकंद विचार करते. गिअर बदलताना मध्येच इंजिन मोकळं सुटल्यासारखं रेस होतं. सकाळी थंड असताना बरी चालते, उन्हात तासभर पळाली की घसरू लागते. इथं आधी ऑइल. काही गाड्यांना त्याची डिपस्टिक असते, काहींना ठरावीक तापमानाला खालचा प्लग उघडूनच लेव्हल कळते. एटीएफ, म्हणजे हे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, इंजिन ऑइलसारखं जळत नाही. कमी झालं म्हणजे गळती आहे; ती न शोधता वरून ओतत राहणं म्हणजे दुखणं लांबवणं. एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लालसर असेल तर आशा आहे. गुलाबी दुधाळ असेल तर रेडिएटरमधलं कूलंट त्यात मिसळतंय, गाडी चालवूच नका. काळपट, करपल्या वासाचं आणि बोटाला कचकच लागणारं असेल तर क्लचपॅक झिजलेत, नुसतं ऑइल बदलून भागणार नाही. ऑइल चांगलं आणि लेव्हल बरोबर असेल तर स्कॅनरवर कोड बघून ऑइलचा दाब हव्या त्या क्लचपॅककडे वळवणारे सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडी तपासायची. गिअरबॉक्स खोलणं त्यानंतर.

अशी गाडी रस्त्यात बसली तर गावाकडे ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणतात. एएमटी न्यूट्रलला असेल तर ते बहुधा चालून जातं. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिन बंद म्हणजे आतला ऑइल पंपही बंद, चाकं मात्र गिअरबॉक्सला कोरडंच फिरवत राहतात. इंजिन ज्या चाकांना फिरवतं ती उचलून घ्या, नाहीतर गाडी सरळ ट्रकवर चढवून आणा.