परळला माणसं जास्त मरतात का?

आमची चाळ परळची, केईएमपासून पाच मिनिटांवर. रात्री ॲम्ब्युलन्सच्या भोंग्याने इथे कुणाची कूसही बदलत नाही. परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, "आपल्याच वॉर्डात एवढी माणसं कशी रे जातात? हवा बाधली म्हणायची का?"

हवेबद्दल माझीही तक्रार आहे, पण हा घोळ वहीचा. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यू जिथे होतो तिथेच नोंदवतात, माणूस राहायला कुठलाही असो. केईएम, टाटा, वाडिया ही तिन्ही रुग्णालयं आमच्या एफ दक्षिण वॉर्डात. बिहारहून टाटाला आलेला पेशंट दगावला, तर नोंद परळच्या रजिस्टरात होते. मयतांचा आकडा देशभरातून आलेला आणि त्याला भागायचं ते फक्त वॉर्डातल्या रहिवाशांनी! पत्ते पाहून नोंदी वेगळ्या काढल्याशिवाय तो दर वाचूच नये.

वेगळ्या काढल्या तरी वय उरतंच. २०२० साली भारतात दर हजारी ६ मृत्यू झाले, जपानमध्ये ११च्या आसपास. जपानी माणूस आपल्यापेक्षा जास्त जगतो. तिथे म्हातारी माणसंच जास्त, म्हणून मरणंही जास्त. आपल्याकडे पारशी समाजाचं तेच. उलट ज्या वस्तीत पोरंबाळंच फार, तिथला दर कमी दिसतो आणि सगळं आलबेल वाटतं. तुलना करायची तर वयोगट लावूनच.

कारणाचा रकाना तर त्याहून फसवा. डॉक्टरांच्या फॉर्ममध्ये उतरंड असते: शेवटी काय झालं, ते कशामुळे, आणि त्याच्या मुळाशी काय. आकडेवारीत धरतात ते मूळ कारण. पण घाईत 'हृदयक्रिया बंद पडून' एवढंच लिहून मोकळं होणारेही असतात. हृदयक्रिया चालू ठेवून कोण मेलंय?

माझे आजोबा मिलमध्ये कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजताना उडणारी धूळ दिवसभर नाकातोंडात. रविवारची सुट्टी संपवून सोमवारी कामावर गेले की छाती आवळून यायची, मंगळवारपासून जरा बरं वाटायचं. घरात सगळे म्हणायचे, सोमवारचा कंटाळा. ही बायसिनोसिसची, म्हणजे कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराची, अगदी ठरलेली खूण: सुट्टीनंतर धूळ पुन्हा आत गेली की श्वासनलिका आकसतात. वर्षानुवर्षं असंच चाललं की मग वार कुठलाही असो, दम लागतोच.

१९८२च्या संपानंतर आजोबा राजापूरला गावी गेले ते कायमचेच. शेवटची दोन वर्षं उशीला टेकून बसूनच झोपायचे. गेले तेव्हा डॉक्टर कुठला यायला? ग्रामपंचायतीत कारण विचारलं, तेव्हा वडिलांनी सांगितलं, "म्हातारपण." तेच लिहिलं गेलं, तेही राजापूर तालुक्याच्या नावावर.