काटा शाबूत, पण नंबर लागेना

पीक विम्याच्या मुदतीचा शेवटचा दिवस आला की रावेर-यावलच्या सीएससी केंद्रांवर एकच ओरड असते: ‘सर्व्हर डाऊन!’ बहुतेक वेळा त्यात कुणाचा कट नसतो. सगळे केळी उत्पादक एकदम अर्ज भरायला बसले की साइट गुदमरते. हीच गर्दी कुणी मुद्दाम, खोटी उभी केली तर तो डीडॉस हल्ला. खरी पंचाईत अशी की, दोन्हींतला फरक सर्व्हरला चटकन ओळखता येत नाही.

कापूस खरेदी केंद्रासमोर कुणी शेकडो रिकामे ट्रॅक्टर आणून लावावेत, तसं हे. काटा शाबूत, माणसं जागेवर, पण माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याचा नंबर लागत नाही.

सर्वांत जुन्या युक्तींपैकी एक फार साधी आहे. जोडणी करताना आपला संगणक आधी ‘येऊ का?’ विचारतो. सर्व्हर ‘ये’ म्हणतो, त्याच्यासाठी थोडी मेमरी राखून ठेवतो आणि ‘आलो’ या उत्तराची वाट बघतो. हल्लेखोर ते उत्तर देतच नाही. अशा अर्धवट जोडण्यांनी सर्व्हरची यादी भरली की खऱ्या ग्राहकाला जागा उरत नाही. १९९६ साली न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीला याच युक्तीने जेरीस आणलं होतं.

पण आता हल्ला एका यंत्रातून येत नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमने जगभरचे सीसीटीव्ही कॅमेरे, त्यांचं चित्रण साठवणारे डीव्हीआर आणि इंटरनेटची जोडणी देणारे राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक ठरावीक पासवर्डांची यादी होती, बस्स. ऐन भरात सहा लाखांच्या आसपास यंत्रं त्याच्या हाताखाली होती. तो रचणाऱ्यांपैकी पारस झा हा अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचा विद्यार्थी. त्याने स्वतःच्याच विद्यापीठाचं नेटवर्कही वारंवार पाडलं. २०१८ मध्ये न्यायालयाने त्याला ८६ लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. आपल्याकडेही माहिती तंत्रज्ञान कायद्यात अशा कृत्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण कॅमेरा ज्याचा, त्याला यातलं काहीच कळत नाही. जळगावच्या सराफी पेढीतला असो की सावद्याच्या केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरमधला, त्याचं चित्र नेहमीसारखंच दिसत राहतं.

हल्ला थोपवायचा उपायही सामान्य माणसाच्याच मुळावर येतो. मोबाइल कंपन्या बऱ्याचदा अनेक ग्राहकांना मिळून इंटरनेटवरचा एकच पत्ता (आयपी) देतात. त्यातल्या एकाचं यंत्र हल्लेखोराच्या ताब्यात गेलेलं निघालं आणि साइटने तो पत्ताच अडवला, तर बाकीचेही बाहेर. मग ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणत ट्रॅफिक सिग्नलची चित्रं ओळखायला लावतात. चोपड्याच्या आजोबांनी पेन्शन बघायची की परदेशातले सिग्नल मोजायचे?

मिराईची एक गंमत म्हणजे तो फक्त मेमरीत राहायचा. डीव्हीआर बंद करून चालू केला की साफ. या एका बाबतीत भारनियमनाचे आभारच मानायला हवेत. मात्र पासवर्ड तोच राहिला आणि यंत्र इंटरनेटवर उघडं असलं, तर काही मिनिटांत तो परत शिरायचा. म्हणून कॅमेरे बसवणारा कारागीर जायच्या आधीच पासवर्ड बदलून घ्यावा, आणि मोबाइल नंबर किंवा ‘१२३४५६’ ठेवू नये.